मैदान रिकामं दिसलं की झाली तारीख पक्की!

एसी/डीसी या रॉक बँडच्या दौऱ्याची नुसती कुजबुज झाली की चाहत्यांच्या अंदाजी तारखांच्या याद्या तयार! अमुक स्टेडियम जुलैत रिकामं आहे, म्हणजे कार्यक्रम तिथेच म्हणे. अरे, फुटबॉलचा हंगाम संपल्यावर युरोपातली बहुतेक मैदानं रिकामीच असतात! आणि यादीत काय, तर आज म्युनिक, उद्या व्हिएन्ना? एवढा अवाढव्य मंच उभारायलाच कित्येक दिवस लागतात. त्यात बँडचा गायक ब्रायन जॉन्सन सत्तरी ओलांडलेला माणूस. २०१६ मध्ये कानांच्या त्रासामुळे त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला होता. त्याच्या जिवाचा जरा तरी विचार करा! असल्या यादीवर भरवसा ठेवून पोरं पैसे परत न मिळणारी विमानतिकिटं काढतात, याचा मला खरा संताप येतो. बँड स्वतः जाहीर करेपर्यंत थांबता येत नाही का?