राजारामपुरीकरांना उत्तर : सेव्ह गेलेला नाही, आणि निम्मी चूक माझी आहे

राजारामपुरीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली तेव्हा डोकंच फिरलं होतं. सकाळी मिसळ पोटात गेल्यावर पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावर मात्र भांडणार आहे.

मागून येणाऱ्यांसाठी आधी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या गेममध्ये मराठ्यांच्या कॅम्पेनचा एक हौशी मॉड (म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल) कसा टाकायचा, ते मी लिहिलं होतं. तुम्ही तसं केलंत, तर कॅम्पेनच्या लोडिंगलाच गेम बंद पडली. मग मित्राकडून दुसरी पॅक फाइल (मॉडचे बदल एकत्र बांधलेली फाइल) आणून सरळ डेटा फोल्डरमध्ये टाकलीत. ती लागू झाली, पण कॅम्पेनच्या लोडिंगला तेच. वैतागून गेम काढली, परत टाकली, तरी तेच. वर ३५-४० तास खपून गेममधल्या १७३८ सालापर्यंत आणलेला तुमचा जुना सेव्हही (साठवून ठेवलेला डाव) उघडेना. त्यावर तुम्ही मला 'साहेब' म्हणून तीन टोमणे मारलेत : एवढं लांबडं लिहून उपयोग काय, सरळ कॉपी-पेस्ट सांगायला काय झालं होतं, आणि मराठ्यांची तिजोरी रिकामी दाखवणारा मॉड कोल्हापूरच्या माणसानं सुचवावाच कशाला?

सेव्हचं आधी सांगतो, कारण जीव तिथं अडकलाय. तो गेलेला नाही. गेम काढली तरी सेव्ह जात नाहीत, कारण ते गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच. विंडोजच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये, रोमिंगच्या आत, 'द क्रिएटिव्ह असेंब्ली' नावाचं फोल्डर आहे. त्यात 'एम्पायर', त्यात सेव्ह गेम्स. तिथं जाऊन बघा, तुमचा १७३८ निवांत बसलेला असेल. उघडत नाही याचं कारण वेगळं आहे. मित्राची पॅक फाइल अजून डेटा फोल्डरमध्ये आहे. स्टीमवरून (जिथून ही गेम विकत घेऊन उतरवतात ते अ‍ॅप) गेम काढली की स्टीम स्वतः टाकलेल्या फाइली उचलतो. तुम्ही हातानं टाकलेल्या तशाच मागं राहतात. गेम पुन्हा त्याच जागी उतरली आणि ही पाहुणी फाइल आधीच घरात बसलेली.

आता माझी चूक.

त्या मॉडचे दोन भाग आहेत. एक पॅक फाइल. तिच्यात पलटणी, खर्च, नावं वगैरेंचे तक्ते असतात. दुसरी 'स्टार्टपॉस' नावाची फाइल. कॅम्पेनच्या पहिल्या दिवशी कुठला प्रदेश कोणाचा, खजिन्यात किती, कुठला सरदार कुठं उभा, हे सगळं तिच्यात. ती डेटामधल्या 'कॅम्पेन्स' आणि त्यातल्या 'मेन' फोल्डरमध्ये जाते. पॅक फाइलचं मात्र नुसतं टाकून भागत नाही. गेमला सांगावं लागतं की ही वाच. ते सांगायचं 'युजर डॉट एम्पायर स्क्रिप्ट' या छोट्याशा टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत : मॉड हा शब्द, रिकामी जागा, पॅकचं पूर्ण नाव आणि शेवटी अर्धविराम. ही फाइल नोटपॅडमध्ये करून 'युनिकोड म्हणून सेव्ह करा' असं मी लिहिलं होतं.

तिथंच घोळ झाला. मी ते लिहिलं माझ्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर बसून. तिथल्या नोटपॅडच्या यादीत 'युनिकोड' असा सरळ पर्याय होता आणि त्याचा अर्थ होता यूटीएफ-१६ एलई, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची एक तऱ्हा. २०१९ च्या विंडोज १० च्या अपडेटनंतर नोटपॅडमधून ते नाव गेलं. आता तिथं यूटीएफ-१६ एलई असंच लिहिलेलं असतं आणि न विचारता निवडलेला असतो यूटीएफ-८. तुम्ही यूटीएफ-८ ठेवलंत. तोही युनिकोडच, त्यामुळं तुम्हाला दोष देता येत नाही. पण या गेमला तो वाचता येत नाही. म्हणजे झालं असं, की नवीन स्टार्टपॉस बसली, ती पॅकमधल्या पलटणी मागत होती आणि पॅक गेमपर्यंत पोचलीच नव्हती. सैन्याची हजेरी घ्यायला बसले आणि हजेरीपटच नाही. गेमनं तिथंच मान टाकली.

'युनिकोड म्हणजे मराठी टायपिंग ना? मग इंग्लिश गेममध्ये त्याचं काय काम?' हा तुमचा प्रश्न वाचून मी हसलो, आणि मग वाटलं की प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं हा शब्द आला तोच डीटीपीच्या दुकानातून, 'श्रीलिपीत देऊ की युनिकोडमध्ये' असा. अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा असतात, हे मी एका वाक्यात सांगायला हवं होतं. मूळ लेखात ते आता दुरुस्त केलंय, तुमचा उल्लेख करून.

आणखी एक शंका आहे, तेवढी तपासा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतो. त्यामुळं नोटपॅड कधीकधी शेवटी दुसरं 'डॉट टीएक्सटी' चिकटवतो आणि आपल्याला ते दिसत नाही. व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसतील असं करा. दोन शेपटं असली तर एक काढा.

इथपर्यंत मी शरण. आता कॉपी-पेस्टचं.

तुमच्या मित्राची पॅक नुसती टाकली आणि लागू झाली, म्हणून तुम्हाला माझी पद्धत उगाच लांबण वाटली. ती लागू झाली कारण ती मूव्ही प्रकारची असणार. पॅक फाइलींचे प्रकार असतात. मॉड प्रकारची पॅक स्क्रिप्टमध्ये नाव असेल तरच वाचली जाते. मूव्ही प्रकारची डेटामध्ये दिसली की गेम ती न विचारता उचलते. म्हणून ती सोपी, आणि म्हणूनच ती वैताग. स्क्रिप्टमधली ओळ पुसली की मॉड प्रकारची पॅक गप्प बसते. मूव्हीवाली फाइल स्वतः शोधून बाहेर काढेपर्यंत प्रत्येक कॅम्पेनमध्ये आणि प्रत्येक जुन्या सेव्हमध्ये नाक खुपसत राहते. तुमचा १७३८ तिनंच अडवलाय.

आणि मूळ फाइलीवर नवी फाइल चढवणं? तुम्ही तालमीत जाणारे दिसता, प्रोफाइलचा फोटो तसा आहे. हौद्यातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात. मळून झाल्यावर कोणी म्हणालं की ताक जरा जास्त झालं, तेवढं बाहेर काढा, तर वस्ताद काय म्हणतील? स्टार्टपॉस तशी आहे. मूळ फाइल आधी बाजूला कॉपी करून ठेवली नाही तर ती गेली. त्यासाठी लेखात अख्खा परिच्छेद आहे आणि तो मी काढणार नाही. मी स्वतः पहिल्या वेळी बॅकअप न घेता फाइल चढवली होती. मग चार रात्री जागून अख्खी गेम पुन्हा उतरवली. मध्ये दोनदा लाईट गेली ती वेगळीच. स्टीममध्ये पडताळणीचं बटण असतं आणि ते बदललेल्या मूळ फाइली परत आणतं, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

त्या बटणावरही सगळा भार टाकू नका. ते मूळ फाइली जागेवर आणतं, जादा टाकलेल्या काढत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत स्टार्टपॉस मूळची आली असती आणि मित्राची पॅक तशीच राहिली असती.

तर आज संध्याकाळी असं करा. डेटामध्ये शिरा, मित्राची पॅक आणि मी दिलेली पॅक, दोन्ही डेस्कटॉपवर हलवा. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये अ‍ॅपडेटा लिहा, एंटर. क्रिएटिव्ह असेंब्ली, एम्पायर, स्क्रिप्ट्स. तिथली युजरवाली फाइल बाहेर काढा. शेजारची 'प्रेफरन्सेस'वाली तशीच राहू द्या, तिच्यात तुमच्या ग्राफिक्सच्या सेटिंग आहेत. गेम काढून टाकली तरी ही युजरवाली फाइल जागची हलत नाही, म्हणून सगळं नव्यानं टाकूनही जुनंच दुखणं राहतं. त्यानंतर स्टीमची पडताळणी चालवा, मगच गेम. जुना सेव्ह उघडायला हवा.

मॉड पुन्हा टाकायचा असेल तर तुमचं जुनं कॅम्पेन संपवूनच टाका. स्टार्टपॉस फक्त कॅम्पेन सुरू होताना वाचली जाते, पुढचं सगळं सेव्हमध्ये असतं. म्हणजे मॉडसाठी नवीन डाव मांडावाच लागतो. हे मी लेखाच्या शेवटी, कुठंतरी कंसात लिहिलं होतं. ते सुरुवातीला ठळक हवं होतं. ही दुसरी चूक.

लांबड लावली हा आरोप अर्धा मान्य. नेट कॅफेच्या आठवणींचे तीन परिच्छेद उडवलेत. वाईट वाटलं, पण उडवले.

राहिली तिजोरी. तुम्ही लिहिलंत की मूळ गेममध्ये मराठे बरे असतात आणि मॉडवाल्यानं त्यांना कंगाल केलं, हा आपला अपमान आहे. गेम सुरू होते १७०० मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला साताऱ्याचं काय चाललं होतं? डिसेंबर १६९९ पासून औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये सातारा पडला. पुढच्या वर्षी पन्हाळा गेला, १७०२ मध्ये विशाळगड. इंग्लंडच्या राजाचा वकील विल्यम नॉरिस औरंगजेबाला भेटला तो १७०१ मध्ये पन्हाळ्याखालच्या छावणीतच. अशा दिवसांत ताराबाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून कारभार हातात घेतला, आणि नुसते किल्ले राखत न बसता फौजा नर्मदेपार माळव्यात घातल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला, दख्खन न जिंकता. भरल्या तिजोरीनं खेळ सुरू केला तर यातलं काय उरतं? मूळ गेममध्ये मी दहाव्या टर्नला निवांत बाजारपेठा बांधत बसतो. या मॉडमध्ये पहिल्या दहा टर्न पलटणींचा पगार कुठून काढायचा हाच प्रश्न असतो. मला हा मॉड आवडतो तो एवढ्यासाठीच. कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा रोज दिसतो. त्यांच्या वाट्याला आलेला डाव कसला होता, हे मला या रिकाम्या तिजोरीनं जेवढं जाणवलं तेवढं शाळेच्या धड्यानं नव्हतं जाणवलं.

'नकाशात कोल्हापूर का नाही' या तुमच्या प्रश्नाला मात्र साधं उत्तर आहे : १७०० मध्ये कोल्हापूरची गादीच नव्हती. ती १७१० ची, आणि सातारा-कोल्हापूरच्या हद्दी ठरल्या त्या १७३१ च्या वारणेच्या तहात. शिवाय या गेमच्या नकाशात नवा प्रदेश कोरणं मॉडवाल्यांना फार जड जातं. नावं बदलता येतात, मालक बदलता येतात, जमीन वाढवणं वेगळं.

एवढं करून पुन्हा लोडिंगला बंद पडली तर स्क्रिप्ट फाइलमधली ओळ जशीच्या तशी इथं लिहा, आणि डेटामध्ये तुम्ही टाकलेल्या पॅक कुठल्या तेही. क्रॅक केलेली गेम असेल तर आधीच सांगा. तिथं माझा इलाज चालत नाही, कारण त्यात मुळात कुठल्या फाइली बदलल्यात ते कळायला मार्ग नसतो.

आणि सेव्ह उघडला की कळवा, १७३८ मध्ये तुमच्याकडं दिल्ली आहे की अजून गोव्याच्या पोर्तुगीजांशीच चाललंय. वर्षाला दोन टर्न म्हणजे ७६ टर्न झाल्या की ओ.