कांचा 2

ऑफिसातून आले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय. आमच्या मासळीच्या कंपनीत परवा रात्रपाळीला कोल्ड स्टोरेजचं दार उघडं राहिलं आणि कोळंबीचा माल गेला. ड्युटीवर दोघं, एक इथल्याच वाडीतला, एक नेपाळी पोरगा. वाडीतल्याला साहेबांनी केबिनमध्ये बोलवून समज दिली. नेपाळी पोराला गेटवरच, उद्यापासून येऊ नको, आणि 11 दिवसांचा पगार नुकसानीत वळता! हिशोबाला रजिस्टर माझ्याकडे आलं, त्यात एकाचं नाव बापाच्या नावासकट आणि दुसऱ्याचं नुसतं ‘कांचा 2’. कांचा म्हणजे नेपाळीत धाकटा, ते नाव नव्हे.

माझे बाबा 1997 ला सौदीतल्या दमामहून असेच परत आले होते. प्लांटवर व्हॉल्व्ह उघडा राहिला, ड्युटीवर बाबा आणि एक गोरा, गोऱ्याला वॉर्निंग आणि बाबांना तिसऱ्या दिवशी विमानात बसवलं. दोन महिने बाबा बाजारात गेले नाहीत, कोणी विचारलं की आई सांगायची, सुट्टीवर आलेत.

पोरगा मोबाईलवर होता, मान्य. पण मग दुसरा काय करत होता?

पगारातून नुकसान कापायचं तरी आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, हा नियम 1936 च्या कायद्यापासूनचा आहे, मी अकाउंट्सला आहे, मला माहितीय. तर म्हणे तो ठेकेदाराचा माणूस. आणि ‘बाहेरचे आहेत’ म्हणणाऱ्यांनो, 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे ती माणसं इथे उघडपणे राहतात, कामं करतात, चोरून आलेली नाहीत. वंशावरून नोकरीत भेद होऊ देणार नाही असं आपल्या देशाने 1960 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला लिहून दिलंय. 1 ऑगस्टला बोटी सुटतात तेव्हा खलाशी म्हणून हीच पोरं लागतात, हापूसची बाग राखायला गुरखाच लागतो, तेव्हा कोणी बाहेरचं नसतं!

साहेब तसे वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच ॲडव्हान्स दिला होता. म्हणून तर जास्त लागलं.

संध्याकाळी पडवीत बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग एवढंच विचारलं, “पगार तरी दिलान का त्याला?” बाबांचाही शेवटचा महिना तिकडेच राहिला होता, हे मला आज कळलं, इतक्या वर्षांनी.

उद्या साहेबांशी बोलणार आहे. रत्नागिरीच्या कामगार आयुक्त ऑफिसात कोणाची ओळख असेल तर इनबॉक्स करा, पोरगा शनिवारपर्यंतच इथे आहे.