ऑक्सिजन चेंबरने पाय वाचतो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, शुगरवाल्यांच्या पायाची जखम कितीही जुनी असू दे, हायपरबेरिक ऑक्सिजनची (बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन घ्यायची) दहा सिटिंग घ्या, ऑपरेशन लागत नाही, प्लास्टिक सर्जरीवाल्यांनीही घ्या, नुसता ऑक्सिजन आहे म्हणून साइड इफेक्ट शून्य. मामाच्या पायापायी दोन महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या मारल्यात मी, म्हणून लिहितेय.

ऑपरेशन लागत नाही म्हणे. अहो, ऑक्सिजन जखमेपर्यंत नेतं कोण, रक्तच ना? चेंबरमध्ये दाब दोन-अडीच पट करून शंभर टक्के ऑक्सिजन देतात, तो प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, भरपूर विरघळतो, हे खरंय. पण पायाची नसच ब्लॉक असेल तर ते रक्त तिथे पोचणार कसं? आधी डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी), गरज असेल तर ब्लॉक नस उघडायची अँजिओप्लास्टी, मेलेलं मांस काढणं, अँटिबायोटिक, शुगर कंट्रोल, पायावर भार न टाकणं, हे सगळं करूनच चेंबर. मामा मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला चालत गेला, काहीतरी टोचलं, पाय बधिर म्हणून कळलंच नाही, आणि मग असाच एक मेसेज धरून तीन आठवडे सर्जनकडे गेला नाही. इन्फेक्शन हाडात उतरलं, अंगठा काढावा लागला.

दहा सिटिंगचंही तसंच. जखमेसाठी साधारण 20 ते 40 लागतात, एकेक दीड-दोन तासांचं, आणि तेही खोल गेलेली, महिनाभर नीट उपचार करूनही न भरणारी जखम असेल तर. फायदा होतच नाही असं मी म्हणत नाहीये, स्वीडनच्या 2010 च्या अभ्यासात वर्षभराने चेंबरवाल्यांपैकी 52 टक्के जणांची जखम भरली, नुसत्या हवेवर ठेवलेल्यांत 29 टक्के. पण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायांवर नेदरलँड्सच्या 2018 च्या अभ्यासात ठळक फरक दिसला नाही.

प्लास्टिक सर्जरीत चांगल्या बसलेल्या फ्लॅपला (रक्तपुरवठ्यासकट दुसऱ्या जागी बसवलेल्या कातडी-मांसाच्या तुकड्याला) याची गरजच नसते. फ्लॅप निळा-काळा पडायला लागला तर पहिला फोन सर्जनला, कारण शीर दबली असेल तर ती तासाभरातही उघडावी लागते.

आणि साइड इफेक्ट शून्य? कानाचे पडदे दुखावतात, चष्म्याचा नंबर काही आठवडे बदलतो, शुगर एकदम खाली येते, क्वचित फिट येते, फुफ्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर जिवावर बेतू शकतं. 1997 मध्ये मिलानला चेंबरमध्ये आग लागून 11 माणसं गेली, म्हणून आत मोबाइल, लायटर काही नेऊ देत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या टाचेची जखम महिना झाला तशीच आहे. उद्या सकाळी ओपीडीला घेऊन जातेय, डॉपलर करून घ्यायचीय, कुणाला सोबत यायचं असेल तर आठला खाली या.