गाडीचं वय बघायचं की तब्येत?

दिल्लीत १ जुलै २०२५ ला जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल द्यायचं नाही असा आदेश लागू झाला, डिझेल दहा वर्षांच्या वर आणि पेट्रोल पंधराच्या वर, आणि एवढी बोंब झाली की काही दिवसांतच तो गुंडाळून ठेवावा लागला. त्यावरून आमच्या पुण्याच्या मित्रांत जे दोन तट पडलेत ते अजून तसेच आहेत. एक पार्टी म्हणते जुनं सगळं भंगारात घाला, लोकांची फुफ्फुसं महत्त्वाची. दुसरी म्हणते बाबांची पद्मिनी अजून पहिल्या सेल्फला सुरू होते, तेव्हाच्या गाड्या म्हणजे लोखंड होतं लोखंड, आताचे डबे काय कामाचे. आणि मी अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइट ह्या मोटारींच्या राजधानीजवळ राहतो म्हटल्यावर दोघंही मलाच साक्षीदार करतात, तुमच्याकडे तर साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या फिरतात ना रे?

फिरतात. आमच्या समोरच्या घरी एक रिटायर्ड आजोबा आहेत, आयुष्य कारखान्यात गेलं, त्यांच्याकडे १९५६ ची कॅडिलॅक सेदान द व्हिल आहे. साडेपाच मीटरपेक्षा लांब, ३६५ क्युबिक इंचाचं म्हणजे सहा लिटरचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, २८५ हॉर्सपॉवर. पहिल्यांदा बघितली तेव्हा पेट्रोलचं झाकणच सापडेना. आजोबांनी मागचा डावा टेललाइट धरून वर उचलला, अख्खा दिवा बिजागरीवर वर आला आणि खाली टाकीचं तोंड! कुणाला सांगितल्याशिवाय कळणारच नाही. असला नखरा करायला डोकं लागतं आणि पैसाही, आणि १९५६ च्या डेट्रॉइटकडे दोन्ही भरपूर होतं.

आत बसलात की कळतं लोक ह्या गाड्यांसाठी वेडे का होतात. सोफ्यासारखी पुढची सीट, लांबलचक व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), खाली जाड चेसिस, त्यावर रबरावर ठेवलेली बॉडी आणि पुढे मऊ कॉइल स्प्रिंग, त्यामुळे मिशिगनचे हिवाळ्यानंतरचे खड्डे (ह्या बाबतीत आपण अगदी घरी आहोत) नुसते लांबून ऐकू येतात. गिअर बदलायचा प्रश्नच नाही, हायड्रामॅटिक. हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबिलमध्ये १९४० च्या मॉडेलला आलं, पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये, आणि इतकं चाललं की पुढे रोल्स-रॉइसनेही ते घेतलं, विचार करा, रोल्स-रॉइसने. इंजिनाचं मूळ १९४९ चं, त्या वर्षी कॅडिलॅकने व्हॉल्व्ह डोक्यावर असलेलं नवं व्ही-एट काढलं, आधीच्यापेक्षा हलकं आणि ताकद जास्त, आणि नंतर सगळ्या डेट्रॉइटने तोच रस्ता धरला. मागचे पंख कॅडिलॅकची मालक जनरल मोटर्स, तिचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल ह्याच्या खात्यातून आले, लॉकहीडचं पी-३८ हे लढाऊ विमान बघून, १९४८ ला छोटेसे आणि १९५९ ला तर पार आकाशात. मला स्वतःला ५९ ची गाडी थोडी आचरटच वाटते, ५६ ची बरी. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात देखणी फोर्डची १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल, आधीच्या अवाढव्य लिंकनपेक्षा फूटभर लहान केलेली, क्रोम कमी, मागचे दरवाजे उलटे उघडणारे, आणि दोन वर्षं किंवा २४,००० मैलांची वॉरंटी, जी तेव्हा इथे कुणी देत नव्हतं.

पण ह्या गाड्या टिकल्या कशामुळे, ह्यात आमची पद्मिनी पार्टी चुकते. लोखंड जाड होतं म्हणून नाही. लोखंड जाड असलं तरी इथलं रस्त्यावरचं मीठ दहा हिवाळ्यांत ते खाऊन टाकतं, आजोबांची गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजबाहेर निघत नाही. टिकल्या कारण त्या उघडता येतात. कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) हातात घेऊन साफ करता येतो, काय बिघडलंय ते दिसतं, वासाने कळतं. ह्याचा पुरावा कॅडिलॅकचाच आहे. १९५७ ला त्यांनी एल्डोराडो ब्रॉएम काढली, स्टेनलेस स्टीलचं छत, किंमत १३,०७४ डॉलर, त्या पैशात दोन साध्या कॅडिलॅक येऊन वर उरले असते, आणि स्प्रिंगच्या जागी हवेवर चालणारं सस्पेन्शन. ते गळायला लागलं. शेवटी कित्येक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवल्या. म्हणजे सगळ्यात महागडी हुशारी आधी मेली आणि कुठल्याही मेकॅनिकला कळणारी गोष्ट उरली.

मुंबईने हे फार पूर्वीच ओळखलं होतं. जनरल मोटर्स शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडत होती, वालचंद हिराचंदांची प्रीमियर कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडायची, मग पन्नासच्या दशकात सरकारचं धोरण बदललं, १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला आणि मोठ्या अमेरिकन गाड्या येणं जवळजवळ बंदच झालं. आल्या होत्या त्या आपल्या मिस्त्रींनी वर्षानुवर्षं चालवल्या, पार्ट मिळेना तर लेथवर बनवून, पेट्रोल परवडेना तर इंजिनच काढून डिझेल टाकून. आजोबांना हे सांगितलं तर कॅडिलॅकमध्ये डिझेल ह्या कल्पनेनेच त्यांचा चेहरा पडला.

आता जुनं ते सोनंवाल्यांसाठी वाईट बातमी. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू ताशी ४० मैलांनी समोरासमोर आपटवली. बेल एअरची केबिन चेपली, स्टिअरिंग आत घुसलं, त्यात माणूस असता तर गेलाच असता. मालिबूवाल्याला पायाला थोडं लागलं असतं. लोखंड होतं लोखंड! शिवाय लिटरला चार-पाच किलोमीटर अॅव्हरेज, धूर गाळायला काही नाही, आणि तेव्हाची ती ताकदवान इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर पोसलेली, ते शिसं दोन पिढ्यांच्या पोरांच्या रक्तात गेलं. हे सगळं खरं आहे आणि तरी मला ती गाडी आवडते, दोन्ही एकाच वेळी.

मग इथे चालू कशी देतात? मिशिगनमध्ये २६ वर्षं झाली की गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. अट एवढीच की रोज ऑफिसला न्यायची नाही, परेड, प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम एवढ्यापुरतीच, आणि ऑगस्टमध्ये जरा मोकळीक. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून ड्रीम क्रूझ भरते, हजारो जुन्या गाड्या संथ रांगेत, लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले. वर्षभरात जी गाडी जेमतेम काहीशे मैल चालते ती कितीही धूर सोडू दे, एकूणात तो रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या, इंजेक्टर खराब झालेल्या डिझेल टेम्पोपुढे काहीच नाही.

आपल्याकडे २०२१ पासून विंटेजचा नियम आलाय, व्हीए नंबरची प्लेट, रोज वापरायची नाही, सगळं चांगलं आहे पण वय पन्नास पाहिजे. म्हणजे १९८५ ची नीट ठेवलेली पद्मिनी ना विंटेज ना नवीन, मध्येच लटकलेली. माझं म्हणणं पुण्याच्या दोन्ही तटांना एवढंच, की पन्नासची अट पंचवीस-तीसवर आणा, ह्या गाड्यांना किलोमीटरची मर्यादा घाला, आणि रोज धंद्यावर असणाऱ्या गाडीला वय न विचारता तपासणीला उभी करा, ती पाच वर्षांची असली तरी. फक्त त्या तपासणीसाठी मिशिगनचा दाखला देऊ नका, कारण इथे खाजगी गाड्यांची वार्षिक तपासणीच होत नाही, ना धुराची ना ब्रेकची, आणि दरवाजे गंजून तळ दिसणारे पिकअप ट्रक हायवेवर माझ्या शेजारून रोज जातात.