ट्रेनिंगला पाठवणं ही काय शिक्षा आहे का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या खालच्या कोर्टातल्या दोन न्यायाधीशांना सांगितलं की किमान सात दिवस न्यायिक अकॅडमीत जाऊन ट्रेनिंग घ्या. फसवणुकीच्या केसमध्ये त्यांनी ज्या पद्धतीनं जामीन दिला ते पटलं नाही म्हणून. त्याआधी २०२३ ला सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात तर असंही म्हटलं होतं की अटक आणि जामिनाबद्दलचे आमचे निर्देश जे मॅजिस्ट्रेट पाळत नाहीत त्यांचं न्यायिक काम काढून घ्या आणि अकॅडमीत पाठवा. दोन्ही बातम्यांना आमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले, "बरं झालं, जिरली" वगैरे. मला काही ते पटलं नाही. चुकलेल्याला कान धरून अकॅडमीत पाठवायचं ठरवलं की बाकीच्यांना अकॅडमीचं नाव ऐकूनच लाज वाटणार, आणि ज्याला खरंच दोन गोष्टी विचारायच्यात तो कधी तोंड उघडणार नाही.

मी वकील नाही आणि जज्ज तर नाहीच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कोर्टांमध्ये बेंच क्लार्क म्हणून नोकरी केली, म्हणजे साहेबांच्या डायससमोर खालच्या टेबलावर रोजनामा लिहीत बसणारा माणूस. तिथून फार काही दिसतं बरं का. वकिलांना त्यांची केस दिसते, पक्षकाराला त्याची तारीख दिसते, आम्हाला अख्खा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या केसेसची यादी दिसते आणि डायसवरचा माणूस अडलाय की नाही हेही दिसतं. (अडला की आधी चष्मा पुसतात. सगळेच.)

आता एक प्रसंग सांगतो. तालुका, नावं काही सांगणार नाही, विचारू पण नका. द्राक्षवाला शेतकरी होता. व्यापाऱ्यानं माल उचलला, चेक दिला, चेक बाऊन्स. आपल्याकडं दर सीझनला होतं ते. १३८ ची, म्हणजे चेक बाऊन्सची फौजदारी केस टाकली. कायदा म्हणतो अशी केस शक्यतो सहा महिन्यांत संपवा, कायद्यात कलमच आहे तसं, पण कोर्टात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा सहा महिन्यांत काय होतं ते. व्यापाऱ्याचा बचाव नेहमीचाच, चेक कोरा सिक्युरिटी म्हणून दिला होता, देणं काहीच नाही. आणि शेतकऱ्याकडं व्हॉट्सॅपवर त्याच व्यापाऱ्याचा मेसेज, की चेक टाकू नका आठ दिवसांत पैसे देतो. म्हणजे विषयच संपला ना? पण वकिलानं स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स आणल्या, समोरच्यानं हरकत घेतली की ६५ ब चं सर्टिफिकेट (फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यानं लागतं ते) कुठंय, साहेबांनी चष्मा पुसला, "नंतर बघू" म्हणाले आणि तारीख. पुढच्या वेळी पण तेच, आणि त्याच्या पुढच्या वेळी वकीलच नाही.

मग बदल्या झाल्या, नवीन मॅडम आल्या, वयानं लहान, पहिलंच पोस्टिंग असेल. त्यांनी झेरॉक्स बाजूला ठेवल्या आणि शेतकऱ्यालाच विचारलं, "काका, हा मेसेज ज्या फोनवर आला तो फोन आहे का तुमच्याकडं?" काकांनी बंडीच्या खिशातून काढला, काच तडकलेली, मागं रबर बँड लावलेलं. फोन तुमचाच ना, नंबर तुमचाच ना, तुम्हीच वापरता ना, हे सगळं शपथेवर साक्षीत आलं, चॅट उघडून आधी त्यांनी पाहिलं मग आरोपीच्या वकिलांना पण दाखवलं, पुराव्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर पडला. हरकत आली तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, मूळ फोन मालकानं स्वतः साक्षीत येऊन शाबीत केला तर सर्टिफिकेटची गरज नाही, अर्जुन पंडितराव खोतकर वाचा. तो सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल, आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातला. सर्टिफिकेट सक्तीचं कधी आणि नको कधी हे त्यात स्वच्छ लिहिलंय. जी गोष्ट कित्येक तारखा अडली होती ती जेवणाच्या सुट्टीआधी संपली.

नंतर चेंबरमध्ये सहीला फाइल नेली तेव्हा न राहवून विचारलं, मॅडम हे कुठं शिकलात. तर म्हणाल्या उत्तनला. डमी साक्षीदार उभा करून, खरा फोन हातात देऊन पुरावा घ्यायला लावला होता आणि चुकल्यावर परत घ्यायला लावला. उत्तन म्हणजे भाईंदरजवळ आपली महाराष्ट्र न्यायिक अकॅडमी आहे तिथं. आधीचे साहेब हुशार नव्हते असं अजिबात नाही हो, दिवाणीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, वाटपाच्या दाव्यात सातबारा बघून पाच मिनिटांत दुखणं कुठंय ते सांगायचे. पण ते शिकले तेव्हा व्हॉट्सॅपच नव्हतं आणि मधल्या काळात त्यांना कुणी फोन हातात घेऊन बसवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, ट्रेनिंग पाहिजे ते असं. नाहीतर वर्कशॉप तर होतातच की. सुट्टीचा दिवस, हॉल, हायकोर्टातले पालक न्यायमूर्ती, न्यायाधीशांनीच लिहिलेले पेपर, प्रत्येक पेपरात पन्नास निवाडे, मग जेवण आणि ग्रुप फोटो. पेपर चांगले असतात, मी टाइप करून दिलेत म्हणून सांगतो. पण सोमवारी बोर्डावर शंभर केसेस लागल्यावर त्यातलं काय लक्षात राहणार आणि कुणाच्या?

बरं नवीन भरती होणाऱ्यांसाठी नियम आहे. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं वकिलीची अट काढली तेव्हाच सांगितलं होतं की नव्या न्यायाधीशाला किमान एक वर्ष, जमलं तर दोन वर्षं ट्रेनिंग द्या. मे २०२५ मध्ये ती तीन वर्षांची अट परत आणली. चांगलंच केलं. पण ही सगळी चर्चा दारातून आत येणाऱ्याची. आत येऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाचं काय? १ जुलै २०२४ ला फौजदारीचे आणि पुराव्याचा असे तिन्ही कायदे बदलले, एका रात्रीत खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं, ६५ ब चं ६३ झालं आणि सर्टिफिकेटचा नमुनाच वेगळा आला, त्यात आता हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काही बदललं तर लगेच कळावं म्हणून काढलेला तिचा कोड) लिहायची आणि भाग ब एक्स्पर्टनं भरायचा. आणि जुने गुन्हे जुन्याच कलमांनी चालणार, म्हणजे एकाच बोर्डावर दोन दोन कायदे. हे काय एका शनिवारी भाषण ऐकून होणारंय?

डॉक्टरांचं बघा, पाच वर्षांत ३० क्रेडिट अवर्स भरल्याशिवाय महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी रिन्यू करत नाही. पोलिसांना शिकवायला अकॅडमी तर आपल्या नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच आहे. फ्रान्समध्ये न्यायाधीशाला नोकरीत असेपर्यंत दरवर्षी पाच दिवसांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, चुकला म्हणून नाही, न्यायाधीश आहे म्हणून.

आणि आपल्याकडंही हे कळतं, नाही असं नाही. राखीचं प्रकरण आठवतंय? मध्य प्रदेश हायकोर्टानं २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली होती की मिठाई घेऊन त्या बाईच्याच घरी जा आणि राखी बांधून घे. कमाल आहे खरं तर. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं आणि तिथं नुसतं एकाला झापून सोडलं नाही, तर स्त्री-पुरुष संवेदनशीलतेचं ट्रेनिंग सगळ्याच न्यायाधीशांच्या शिक्षणाचा भाग करा असं सांगितलं. हे मला पटतं. सगळ्यांना बसवा, म्हणजे कुणाला कमीपणा नाही.

पण मग वेळ द्यायला पाहिजे. देशात जिल्हा आणि तालुका कोर्टांत ४ कोटींवर केसेस तुंबल्यात, विधी आयोगानं १९८७ मध्येच दहा लाख लोकांमागं ५० न्यायाधीश हवेत म्हटलं होतं, अजून निम्म्यालाही पोचलो नाही. अशात साहेब आठवडाभर उत्तनला गेले की इथं बोर्ड इनचार्ज कोर्टाकडं, तिथून सरसकट तारखा, आणि परत आल्यावर निकालांचा कोटा आहे तसाच उभा. कुठला माणूस खुशीनं जाईल? आधी ट्रेनिंगचे दिवस त्या कोट्यातून वजा करा. आणि पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं ट्रेनिंग घेऊन आलेल्याला पुढच्या बदलीत भलतंच कोर्ट देऊ नका, असं होताना मी पाहिलंय.

नाशिकला सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्हा कोर्टाची नवी सात मजली इमारत झाली, उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश गवईसाहेब स्वतः आले होते, छान झालीय. त्यात एक खोली अशी ठेवा जिथं महिन्यातून एकदा दुपारी जिल्ह्यातले न्यायाधीश बसतील, एखादा सायबरवाला बोलवतील, एखादा भूमी अभिलेखचा मोजणीवाला बोलवतील आणि अडलेलं मोकळेपणानं विचारतील. फोटोग्राफर नको.

वकील मंडळी कमेंटमध्ये हसायला येतीलच म्हणून आधीच विचारतो, सनद मिळाली आणि बारची परीक्षा एकदा पास झालात, त्यानंतर तुम्हाला कुणी काय विचारलंय? त्या काकांच्या झेरॉक्स शेवटी वकिलानंच आणल्या होत्या ना. हॅश व्हॅल्यू काढता येते का हो तुमच्यातल्या कुणाला? येत असेल तर बारमध्ये एक दुपारचा क्लास ठेवा, मी पण येतो शिकायला.