अडीचकी येत होती, तरीही

मॅडम, नमस्कार.

आपण नाव न देता ‘एक निवृत्त परिसेविका’ एवढीच सही केली आहे, म्हणून मॅडम म्हणते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी औषधे देण्याच्या प्राथमिक नियमांवर मी जो लेख लिहिला, त्यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. त्यांतल्या एकाने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे आणि सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जे मान्य आहे ते प्रथम. सलाइनच्या उदाहरणात मी १ मि.ली.ला १५ थेंब धरले होते. आपल्याकडे वॉर्डात सर्रास मिळणारा सलाइनच्या नळीचा साधा सेट मि.ली.ला २० थेंबांचा असतो, म्हणजे ५०० मि.ली. सलाइन चार तासांत संपवायचे तर मिनिटाला ३१ नव्हे, सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. चूक माझीच आहे. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय हिशेबाला बसू नये, हेही मी लिहायला हवे होते.

आता इन्सुलिनबद्दलचे आपले ते वाक्य. “लाल टोपणाची सिरिंज नसेल तर नारिंगी टोपणाच्या सिरिंजने द्यावे, अडीचने गुणायचे एवढेच, जिला एवढे गणित जमत नाही तिने नर्सिंगला येऊच नये, आणि ज्यांनी वॉर्डात पाय ठेवला नाही त्यांनी असले लेख लिहू नयेत.”

इतर वाचकांसाठी थोडा खुलासा करते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटल्यांमध्ये, १ मि.ली.त ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची असते. काही व्हायल आणि पेनमधली कार्ट्रिज मि.ली.ला १०० युनिटची असतात आणि १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. वॉर्डातल्या रात्रीच्या उजेडात हे दोन रंग किती वेगळे दिसतात, ते ज्याने त्याने पाहावे. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही आणि मनातल्या मनात रूपांतर करायचे नाही, एवढेच मी लेखात म्हटले होते. यात आपण म्हणता ते ‘पुस्तकी पांडित्य’ कुठे आले, हे मला अजून कळलेले नाही.

पण मला बोचले ते ‘पांडित्य’ नव्हे. ‘जमत नाही तिने येऊच नये’ हे वाक्य मी विद्यार्थिनी असताना रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या देखत, हातात औषधांचा ट्रे असताना ऐकलेले आहे, आणि ते ऐकवणाऱ्या बाई आपल्यासारख्याच अनुभवी होत्या. अशा वाक्याने कोणाचे गणित सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी शंका आली तरी ती मुलगी विचारत नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. आपण इतकी वर्षे वॉर्ड सांभाळला असेल तर असे गप्प राहणाऱ्या मुली आपल्याही हाताखाली होत्याच. त्या गप्प का होत्या, याचा विचार आपण कधी केला असेल असे आपल्या भाषेवरून तरी वाटत नाही.

आणि ‘वॉर्डात पाय ठेवला नाही’ म्हणालात म्हणून सांगते. २००८ साली मी दुसऱ्या वर्षाला होते आणि एका सरकारी रुग्णालयाच्या पुरुष मेडिकल वॉर्डात इव्हिनिंगला होते. लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या. स्टाफ सिस्टरांनी तेच सांगितले जे आपण सांगता आहात. एका रुग्णाला रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट रेग्युलर इन्सुलिन द्यायचे होते. मला गणित येत होते, मॅडम; आजोबांनी दिवेलागणीला पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले होते. सोळा अडीच चाळीस. नारिंगी टोपणाची सिरिंज मी ४० च्या रेघेपर्यंत भरली आणि रुग्णाला बरोबर १६ युनिट मिळाले.

मग मी वहीत लिहिले: ‘इन्सुलिन ४० पर्यंत भरून दिले.’

रात्री त्या रुग्णाच्या मुलाने बाहेरून लाल टोपणाच्या सिरिंज आणून दिल्या. सकाळी नाश्त्याआधीचा डोस नाइटच्या माझ्या वर्गमैत्रिणीने दिला. केसपेपरवर १६ होते आणि माझ्या वहीत ४०. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी डोस वाढवला असेल, असा तिने समज करून घेतला. लाल टोपणाची सिरिंज ४० पर्यंत भरली की ती खरोखरच ४० युनिट असते. रेग्युलर इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांत सर्वांत जास्त असतो, आणि तसेच झाले: दहाच्या सुमारास तो माणूस घामाने थबथबला, हात थरथरू लागले, हाकेला नीट ओ देईना. रक्तातली साखर ३८ पर्यंत उतरलेली निघाली. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिल्यावर तो सावरला आणि ‘मला काय झालं होतं?’ असे त्याने मलाच विचारले. त्याला मी काय सांगितले ते इथे लिहिणार नाही.

तिने विचारायला हवे होते, हे खरेच आहे. पण पहाटे कोणाला विचारायचे? ‘एवढे जमत नाही तर’ म्हणणाऱ्यांना?

शिवाय आपला अडीचचा मंत्र अर्धाच आहे. ४० ची व्हायल आणि १०० ची सिरिंज असेल तर गुणायचे. १०० चे इन्सुलिन आणि ४० ची सिरिंज असेल तर भागायचे. पेनची सुई मिळाली नाही म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने इन्सुलिन ओढताना मी पुढे अधिपरिचारिका झाल्यावर पाहिलेले आहे. त्या वेळी एखादीने आपले ऐकून १६ ला अडीचने गुणले आणि ४० पर्यंत सिरिंज भरली, तर रुग्णाच्या अंगात १ मि.ली., म्हणजे १०० युनिट जातील. हे आपण लिहिले नाही. घाईत राहून गेले असेल. ड्यूटीवरच्या मुलीचेही घाईतच राहून जाते.

‘सिरिंज नसेल तर रुग्णाला तसेच ठेवायचे का?’ हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर साधे आहे. शेजारच्या वॉर्डातून मागून आणावी, नातेवाइकांना चिठ्ठी द्यावी, डॉक्टरांना कळवावे. बसून जेवणाऱ्या रुग्णाचा डोस आणि त्याबरोबर त्याचे जेवण अर्धा तास लांबले, तर मला ते चालेल.

राहिलेल्या दोन आक्षेपांबद्दल फार लिहीत नाही. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम आता दहा झाले आहेत, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीला पाच पक्के करू द्या, पुढचे पाच परीक्षेला येतातच. पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल वेगळ्या कुलपात ठेवणे हा ‘देखावा’ आहे, या मताला मी उत्तर देणार नाही. त्या दहा मि.ली.त २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते आणि पातळ न करता ते शिरेत सोडले तर हृदय थांबू शकते, हे एका परिसेविकेला मी सांगावे, अशी वेळ येऊ नये.

थेंबांचे उदाहरण आज सकाळी दुरुस्त केले आहे. सिरिंजचा परिच्छेद आहे तसाच राहील. त्यात फक्त एक वाक्य वाढवले आहे, की वहीत ‘किती रेघेपर्यंत भरले’ असे कधीही लिहू नये, दिलेले युनिट अक्षरांत आणि आकड्यांत लिहावेत.