अलार्म खोटा आहे, हे सांगतंय कोण?

पुण्यातल्या डीटीपीवाल्यांच्या, छपाईवाल्यांच्या आणि क्लास चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. दिवाळी अंकांची घाई सुरू झाली की त्याला नवा जोर चढतो, कारण तेव्हाच कुणाला फॉन्ट कन्व्हर्टर हवा असतो, तर कुणाला पीडीएफ जोडणारं काहीतरी. मजकूर साधारण असा:

“फुकटचं सॉफ्टवेअर उतरवताना अँटिव्हायरस ओरडला तर घाबरू नये. हे अलार्म खोटे असतात. आपण विकतचं घ्यावं म्हणून कंपन्या मुद्दाम ओरडतात. खात्री हवी तर व्हायरसटोटलवर टाका, सत्तरात चार-पाचच लाल आले तर बिनधास्त. तीच फाइल मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली तर अलार्म येतही नाही, यावरूनच ओळखा. अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद करा, इन्स्टॉल करा, परत चालू करा. क्रॅकलाही हेच लागू. सगळ्यांना पाठवा.”

हे सगळंच थापा असतं तर उत्तर द्यायची गरज नव्हती. यात बरंच खरं आहे, म्हणून तर ते टिकलंय.

“हे अलार्म खोटे असतात.”

काही नक्कीच असतात, आणि चांगल्या नावाजलेल्या कंपन्यांचे असतात. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकाफीच्या एका अपडेटने एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली. कार्यालयांतले, इस्पितळांतले संगणक पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहिले, नेटवर्क गेलं ते वेगळंच. सप्टेंबर 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गूगल क्रोमला पासवर्ड चोरणारा झेडबॉट समजून काही संगणकांवरून काढून टाकलं. वर्षभराने, सप्टेंबर 2012 मध्ये, सोफॉसने तर स्वतःचाच अपडेटर पकडला.

आपल्याकडच्या छोट्या मराठी साधनांवर ही पाळी जास्त येते. मराठी टायपिंगचं साधन करतं काय? तुम्ही दाबलेली कळ मध्येच पकडतं आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर टाकतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळा अशाच पकडतो. पुढे दोघांचे रस्ते वेगळे होतात, पण अँटिव्हायरसला तिथवर थांबून चालत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टरही बहुधा कुणा एकट्या माणसाने फावल्या वेळात पायथन किंवा ऑटोइट या प्रोग्रामिंगच्या भाषांत लिहून एकाच ईएक्सई फाइलीत बांधलेले असतात. अशी बांधणी करून देणारी पायइन्स्टॉलरसारखी फुकट साधनं व्हायरस लिहिणारेही वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरस कधीकधी आतल्या मालाकडे न बघता बांधणीवरूनच संशय घेतो. शिवाय अशा फाइलीवर डिजिटल सही, म्हणजे ती कुणी बनवली हे पटवणारी खूण, नसते, कारण सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे. फुकट वाटायच्या कन्व्हर्टरसाठी कोण भरणार? निरसॉफ्ट या नावाने छोटी फुकट साधनं देणाऱ्या लेखकाने या जाचाविरुद्ध 2009 मध्येच जाहीर तक्रार लिहिली होती, आणि ती रास्त होती.

पण काही अलार्म खोटे असतात, म्हणून तुमच्या पडद्यावरचाही खोटाच, हे कुठून आलं? मार्च 2023 मधलं थ्रीसीएक्सचं प्रकरण बघा. ऑफिसातल्या फोनसाठी जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर, कंपनीचं अधिकृत अपडेट, त्यावर कंपनीची खरी डिजिटल सही. 22 मार्चच्या सुमारास सेंटिनलवनसारखी सुरक्षा साधनं त्याला अडवू लागली. ग्राहक एकमेकांना विचारू लागले, हा खोटा अलार्म असेल का? काहींनी त्या फाइलीला सूट देऊन टाकली. 29 मार्चला उघड झालं की हल्लेखोरांनी कंपनीच्या आतच शिरून अपडेटमध्ये विष कालवलं होतं. जवळपास आठवडाभर अँटिव्हायरस खरं बोलत होता.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. अलार्म खोटा असू शकतो, पण तो खोटा आहे हे ठरवायचा हक्क फाइल देणाऱ्याला नाही. दारात आलेला माणूसच म्हणतोय की तुमचा वॉचमन उगाच अडवतो, त्याला जरा चहाला पाठवा. तर वॉचमनबद्दलचं त्याचं मत पुरावा म्हणून धरायचं का?

अलार्म आला की आधी त्यातलं नाव वाचा, तेवढं फारसं कुणी करत नाही. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसने दिलेल्या नावाची सुरुवात ‘पीयूए’ने होत असेल तर तो व्हायरस म्हणत नाहीये, नको असलेला प्रोग्राम म्हणतोय: सोबत टूलबार किंवा जाहिराती घुसवणारा. ‘हॅकटूल’ म्हणजे क्रॅकचं (विकतचं सॉफ्टवेअर कुलूप तोडून फुकट चालवण्याचं) किंवा तसलं हत्यार. आणि नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह व ‘एमएल’ असेल, जसं वाकाटॅक या व्हायरसच्या नावापुढे पुष्कळदा असतं, तर तो मशीन लर्निंगने केलेला अंदाज आहे. खोटे अलार्म या शेवटच्या जातीत बरेच सापडतात. मात्र नवेकोरे खरे व्हायरसही आधी याच जाळ्यात येतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका.

“कंपन्या मुद्दाम ओरडतात.”

‘अँटिव्हायरसवालेच व्हायरस सोडतात’ या जुन्या कट्टागप्पेची ही धाकटी बहीण. क्विक हील याच शहरात, काटकर बंधूंच्या दुरुस्तीच्या व्यवसायातून उभी राहिली, त्यामुळे पुण्यात ही गप्प जरा जास्तच आत्मविश्वासाने मारली जाते. हिशेब मात्र उलटा आहे. खोट्या अलार्मने कंपनीचं नुकसान होतं. 2010 च्या गोंधळानंतर मॅकाफीला घरगुती ग्राहकांचा दुरुस्तीखर्च भरून देण्याची तयारी दाखवावी लागली. अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या व्हायरस बुलेटिनचं व्हीबी100 हे प्रमाणपत्र 1998 पासून दिलं जातं. चांगल्या फाइलींवर एक जरी खोटा अलार्म वाजला तरी ते हुकायचं, असा त्याचा बरीच वर्षं नियम होता. आणि विंडोजमधला डिफेंडर फुकटच आहे. तो कुणाला काय विकायला ओरडेल?

“सत्तरात चार-पाचच लाल, मग बिनधास्त.”

व्हायरसटोटल उत्तम सोय आहे: या संकेतस्थळावर फाइल चढवली की सत्तरेक अँटिव्हायरसची इंजिनं ती तपासतात, आणि जे तिला वाईट म्हणेल ते लाल दिसतं. 2004 मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, 2012 मध्ये गूगलने घेतली. पण ती निवडणूक नव्हे. सत्तर इंजिनं म्हणजे सत्तर स्वतंत्र मतं, हेच आधी खरं नाही. काही कंपन्या दुसऱ्याचं इंजिन भाड्याने वापरतात, काही एकमेकांचं बघून ठरवतात. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने 2009 मध्ये याची परीक्षाच घेतली. 20 निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यांतल्या 10 फाइलींना स्वतःच्या इंजिनात मुद्दाम व्हायरस ठरवलं आणि सगळ्या व्हायरसटोटलवर चढवल्या. दहाएक दिवसांत बारा-चौदा इतर कंपन्याही त्याच निरुपद्रवी फाइलींना व्हायरस म्हणू लागल्या. म्हणजे लाल आकडा मोठा दिसला तरी त्यामागे मूळ मत एकाचंच असू शकतं.

उलटही तितकंच खरं. आज सकाळी बनवलेल्या व्हायरसला दुपारी सत्तरात शून्य किंवा दोन लाल मिळतात, पंधरवड्याने चाळीस. तेव्हा किती लाल यापेक्षा कोण लाल आणि कशासाठी, हे बघा. फारशी न ऐकलेली तीन इंजिनं नुसतं ‘संशयास्पद’ म्हणत असतील आणि फाइल दोन वर्षांपासून तिथे नोंदलेली असेल, तर चित्र बरं आहे. फाइल कालच पहिल्यांदा आली असेल आणि दोन मोठी इंजिनं विशिष्ट व्हायरस-घराण्याचं नाव घेऊन तिला चोर म्हणत असतील, तर ‘दोनच तर आहेत’ म्हणू नका.

जाता जाता: तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते. इन्स्टॉलरचं काही बिघडत नाही, पण लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित किंवा क्लासच्या मुलांची यादी तपासायला म्हणून तिथे टाकणारे लोक या शहरात आहेत. तसं करू नका. फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून फक्त तो शोधला तरी आधीची नोंद असल्यास दिसते.

“पेनड्राइव्हवरून घेतली तर अलार्म येत नाही.”

हे निरीक्षण पुष्कळदा बरोबर असतं, निष्कर्ष साफ चूक. ब्राउझरने नेटवरून फाइल उतरवली की विंडोजवर तिला ‘ही बाहेरून आली’ अशी एक अदृश्य खूण चिकटते. त्या खुणेमुळेच विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या पहारेकऱ्याची निळी चौकट येते, आणि डिफेंडरही अनोळखी फाइलीची क्लाउडवर जास्त कडक चौकशी करतो. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच राहते. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट32 किंवा एक्सफॅटचे असतात. त्यावर फाइल कॉपी केली की खूण गळून पडते. फाइल होती तीच राहिली, विचारणारा कमी झाला.

ती निळी चौकट म्हणजे व्हायरसचा अलार्म नव्हे, हेही इथेच सांगतो. ‘हा प्रोग्राम फारसा कुणी उतरवलेला मला माहीत नाही’ एवढंच ती म्हणते. नव्या मराठी साधनावर ती येणारच. तिथे ‘मोअर इन्फो’ दाबून ‘रन एनीवे’ करायला हरकत नाही, पण फाइल कुठून आली याची खात्री झाल्यावर.

“दहा मिनिटं बंद करा, मग परत चालू करा.”

सगळ्यात घातक सल्ला हा. दहा मिनिटं खूप होतात. इन्स्टॉलरला तुम्ही ॲडमिनची परवानगी देता, आणि ती मिळाली की व्हायरस पुष्कळदा आधी डिफेंडरच्या सूट-यादीत, म्हणजे ‘एक्सक्लुजन्स’मध्ये, स्वतःचा फोल्डर घालून घेतो. नंतर तुम्ही इमानदारीने अँटिव्हायरस चालू करता, तो हिरवी खूण दाखवतो, आणि त्या फोल्डरकडे बघतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन उचलणाऱ्यांना तर राहायचंही नसतं. काम उरकून ते निघून जातात.

फाइल चांगली आहे अशी खात्री झालीच, तर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये जाऊन तेवढ्या एका फाइलीला परवानगी द्या. अख्खा डाउनलोड्स फोल्डर सूट-यादीत टाकणं म्हणजे वर सांगितलेलं काम आपणच करून देणं.

“क्रॅकलाही हेच लागू.”

नाही. क्रॅकवरचा अलार्म बहुधा खरा असतो, आणि ‘हॅकटूल’ म्हटलं तर ते शब्दशः खरं असतं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं स्टॉप-डिजेव्हीयू हे रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (खोट्या परवाना-किल्ल्या बनवणारे प्रोग्राम) यांतूनच पसरलं. झिपला पासवर्ड आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं दिसलं की समजा, पासवर्ड ठेवलाय तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून.

मग खात्री करायची कशी? पहिलं म्हणजे ती फाइल उडवा आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवा. शोधल्यावर सगळ्यात वर येतो तो दुवा पुष्कळदा जाहिरात असतो. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप यांच्या नावाने अशाच जाहिरातींतून बनावट फाइली वाटल्या गेल्या. मग फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे डिजिटल सिग्नेचर आहे का आणि कुणाची, ते बघा. सही नसेल पण बनवणाऱ्याने एसएचए-256 हॅश दिला असेल, तर पॉवरशेलमधल्या ‘गेट-फाइलहॅश’ कमांडने (इंग्रजी अक्षरांत टाइप करा) आपल्या फाइलीचा काढून 64 अक्षरं जुळवा. शंका उरलीच तर दोन दिवस थांबा, अँटिव्हायरस अपडेट करून पुन्हा तपासा. चूक कंपनीची असेल तर ती बहुतेकदा तेवढ्यात दुरुस्त होते, आणि फाइल कंपनीकडे तपासायला पाठवली तर लवकर होते. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर विंडोज सँडबॉक्समध्ये आधी चालवून बघता येतं. होम आवृत्तीत ती सोय नाही.

एवढं करूनही सगळं पकडलं जात नाही. संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या सॉफ्टवेअरची 5.33 आवृत्ती ऑगस्ट 2017 मध्ये अधिकृत जागेवरून, खऱ्या सहीसह, आतल्या चोरासकट सुमारे 22.7 लाख लोकांकडे पोचली आणि उघडकीला यायला महिना गेला. मूळ विहिरीतच विष असेल तेव्हा सही आणि हॅश दोन्ही बरोबर येतात. थ्रीसीएक्सच्या वेळी तर अलार्म तेवढा वेगळं सांगत होता.

या मजकुराप्रमाणे आधीच केलं असेल तर नेट तोडा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. मग एक्सक्लुजन्सची यादी उघडा आणि तुम्ही न टाकलेली प्रत्येक ओळ काढा. ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला, सगळीकडून लॉग आउट करा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर साफसफाईची मोफत साधनं आहेत. खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.